शाळेचा दर्जा ठरवतो कोण? केंद्र, राज्य आणि आपल्या मुलांची शाळा

सप्टेंबर २०२५ मधली गोष्ट. आमच्या शाळेत पालक सभा होती. विषय सहामाही परीक्षेचा, पण चर्चा भलतीकडेच गेली. एका वडिलांनी विचारलं, "सुप्रीम कोर्टाने म्हणे सगळ्यांना टीईटी सक्तीची केली. मग उर्दू शाळांतले जुने शिक्षक घरी बसणार का?" मागून एक आई म्हणाली, "पहिलीला सीबीएसई पॅटर्न आलाय. आता उर्दूची पुस्तकं बंद होणार का?" तिसऱ्या पालकाची तक्रार साधी होती. त्यांचा धाकटा मुलगा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत आहे. पहिली ते पाचवी मिळून सत्तर मुलं आणि शिक्षक दोन. "सांगायचं कोणाला? दिल्लीला की मुंबईला?"

तीन प्रश्न, आणि तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या दारात आहेत. आपल्याकडे निवेदनं पुष्कळ दिली जातात, मोर्चेही निघतात, पण बऱ्याचदा चुकीच्या दारावर. जे दिल्लीच्या हातात आहे ते आपण गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारतो आणि जे पंचायत समितीत सुटू शकतं त्यासाठी खासदारांना भेटतो. म्हणून शाळेच्या बाबतीत केंद्राचं काय, राज्याचं काय आणि आपलं काय, हे एकदा सविस्तर पाहू.

घटनेत काय लिहिलंय?

१९५० साली घटना लागू झाली तेव्हा शिक्षण हा विषय राज्य सूचीत होता. शाळा राज्याने काढायच्या, अभ्यासक्रम राज्याने ठरवायचा. काही ठरावीक विद्यापीठं, उच्च शिक्षणाचा दर्जा, संशोधन संस्था अशा काही बाबी तेवढ्या केंद्राकडे होत्या. आणीबाणीच्या काळात १९७६ मध्ये ४२ वी घटनादुरुस्ती झाली आणि शिक्षण समवर्ती सूचीत गेलं. समवर्ती म्हणजे दोघांचं सामाईक. केंद्रालाही कायदा करता येतो, राज्यालाही.

मग दोघांच्या कायद्यात भांडण झालं तर? कलम २५४ सांगतं की केंद्राचा कायदा वरचढ. राज्याने आपल्या कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी घेतली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो, पण संसद तोही नंतर बदलू शकते. थोडक्यात, घर सामाईक आहे, पण किल्ल्यांचा मोठा जुडगा दिल्लीकडे आहे.

या दोघांच्याही वर काही कलमं आहेत, जी आपल्याला पाठ असायला हवीत. कलम २९ आपली भाषा, लिपी आणि संस्कृती जपण्याचा हक्क देतं. कलम ३० धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क देतं. कलम ३५०-क प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करणं ही राज्याची जबाबदारी आहे. कलम २१-क प्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण हा मूलभूत हक्क आहे. हे शेवटचं कलम २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलं आणि शिक्षण हक्क कायद्याबरोबर १ एप्रिल २०१० पासून लागू झालं.

केंद्राच्या हातात काय?

शालेय दर्जाच्या बाबतीत केंद्राचं सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे हाच २००९ चा शिक्षण हक्क कायदा, म्हणजे आरटीई. या कायद्याला जोडलेल्या अनुसूचीत शाळेचा किमान दर्जा लिहून ठेवला आहे. पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० मुलांना चार. पहिली ते पाचवीचं वर्ष किमान २०० दिवसांचं, सहावी ते आठवीचं २२० दिवसांचं. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, मैदान, वाचनालय, कुंपण. हे सगळं कायद्यात आहे, कोणाच्या मेहरबानीवर नाही.

सत्तर मुलांना दोन शिक्षक, या त्या पालकांच्या तक्रारीचं अर्धं उत्तर इथेच मिळतं. कायद्याने तिथे तीन शिक्षक हवेत. उरलेलं अर्धं उत्तर राज्याकडे आहे, ते पुढे पाहू.

केंद्राच्या हातातली दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षकाची पात्रता. कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पहिली ते आठवीच्या शिक्षकाची किमान पात्रता केंद्राने नेमलेली संस्था ठरवते. ही संस्था म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, एनसीटीई. तिनेच ऑगस्ट २०१० मध्ये शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी आणली. राज्य ही परीक्षा घेतं, पण ती रद्द करू शकत नाही.

तिसरी गोष्ट अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडा. तो एनसीईआरटी बनवते. २००५ चा आराखडा अनेक वर्षं चालला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पायाभूत स्तराचा आराखडा २०२२ मध्ये आणि शालेय शिक्षणाचा २०२३ मध्ये आला.

चौथी गोष्ट पैसा. २०१८ पासून समग्र शिक्षा ही योजना चालू आहे. तिचा खर्च महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्र ६० टक्के आणि राज्य ४० टक्के उचलतं. रक्कम राज्याच्या एकूण शिक्षण खर्चाच्या मानाने छोटी असते, कारण पगाराचा बोजा मुख्यतः राज्यावरच असतो. पण या पैशाला अटी जोडता येतात. त्याचं उदाहरण पुढे येईल.

राज्याच्या हातात काय?

आपल्या मुलांचा शाळेतला रोजचा दिवस राज्यच चालवतं. शाळांना मान्यता, अनुदान, शिक्षकांच्या जागा मंजूर करणारी दरवर्षीची संच मान्यता, भरती, बदल्या, पगार, सुट्ट्या, दहावी-बारावीचं राज्य मंडळ हे सगळं राज्याचं. आरटीई कायद्यातच म्हटलंय की केंद्राच्या स्वतःच्या शाळा सोडल्या तर अभ्यासक्रम आणि मूल्यमापन ठरवणारी संस्था राज्याने नेमायची. महाराष्ट्रात ते काम पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पुस्तकं बालभारती छापते. १९६७ साली स्थापन झालेली बालभारती मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी, गुजराती, कन्नड, सिंधी आणि तेलुगू अशा आठ माध्यमांत पुस्तकं काढते.

त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. २०२५-२६ पासून पहिलीला राष्ट्रीय आराखड्यावर आधारलेला नवा अभ्यासक्रम आला आणि पुढच्या वर्गांना तो टप्प्याटप्प्याने येतोय. लोक त्याला सीबीएसई पॅटर्न म्हणतात, पण आपली शाळा त्यामुळे सीबीएसईची होत नाही. मंडळ राज्याचंच, पुस्तकं बालभारतीचीच. शिवाय एनसीईआरटीही स्वतः उर्दूत पुस्तकं काढते. तेव्हा पॅटर्न बदलला म्हणून उर्दू जाईल ही भीती अनाठायी आहे. काळजी करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा. नवी उर्दू पुस्तकं जूनमध्ये वेळेवर शाळेत पोहोचली का, आणि शिक्षकांचं प्रशिक्षण उर्दूतून झालं का, हे विचारा. ही दोन्ही कामं राज्याची आहेत.

राज्याला कायद्याने काय करता येतं याचं चांगलं उदाहरण म्हणजे २०२० चा मराठी सक्तीचा कायदा. राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं त्याने बंधनकारक केलं. सीबीएसई आणि आयसीएसईच्या शाळाही त्यातून सुटल्या नाहीत. मंडळ दिल्लीचं असलं तरी शाळा महाराष्ट्राच्या जमिनीवर आहे, म्हणून राज्याचा कायदा लागतो.

कधी केंद्र दार उघडतं आणि आत जायचं की नाही हे राज्यावर सोडतं. आठवीपर्यंत मुलाला नापास करायचं नाही, असं आरटीई कायद्यात होतं. २०१९ मध्ये संसदेने दुरुस्ती केली आणि पाचवी व आठवीला परीक्षा घेऊन, पुनर्परीक्षेची संधी देऊन, मुलाला त्याच वर्गात ठेवायचं का हे राज्यांनी ठरवावं असं म्हटलं. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हा पर्याय स्वीकारला. म्हणजे पाचवीतला मुलगा मागे राहिला तर तो निर्णय दिल्लीचा नाही, राज्याचा आहे.

पण राज्य केंद्राच्या कायद्याच्या खाली जाऊ शकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने आरटीईच्या नियमांत बदल केला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्के मोफत प्रवेशातून सूट मिळाली. गरीब पालकांसाठी चांगल्या शाळांचं दार जवळपास बंद झालं. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती मूळ कायद्याच्या विरोधात आहे म्हणून रद्द केली आणि सुप्रीम कोर्टानेही तो निकाल कायम ठेवला. केंद्राचा कायदा गरीब मुलाच्या बाजूने उभा राहतो तेव्हा राज्य त्याला असं बाजूला सारू शकत नाही.

धोरण म्हणजे कायदा नव्हे

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण व्हॉट्सॲपवर सगळं एकाच तागडीत तोललं जातं. कायदा विधिमंडळात किंवा संसदेत होतो आणि तो मोडला तर कोर्टात जाता येतं. शासन निर्णय, म्हणजे जीआर, मंत्रालयातून निघतो आणि मंत्रालयच तो मागे घेऊ शकतं. आणि धोरण ही दिशा असते, सक्ती नसते. २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेलं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण हे धोरणच आहे. तमिळनाडू, केरळ आणि पश्चिम बंगालला ते लागू करायला लावा अशी याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. मे २०२५ मध्ये कोर्टाने ती फेटाळली आणि अशी थेट सक्ती आपण राज्यांवर करू शकत नाही, असं सांगितलं.

तरीही दबाव येतो, तो पैशातून. तमिळनाडूने पीएम श्री शाळांचा करार करायला नकार दिला, कारण त्यात नवं धोरण राबवण्याची अट होती. त्यानंतर राज्याला समग्र शिक्षाचा केंद्राचा हिस्सा मिळाला नाही. दोन हजार कोटी रुपयांहून जास्त रकमेसाठी राज्य २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. भांडण दोन सरकारांचं होतं, पण थांबलेला पैसा मुलांच्या शाळांचा होता.

महाराष्ट्रात धोरण आणि जीआर यांचा खेळ आपण भाषेच्या प्रश्नात पाहिला. १६ एप्रिल २०२५ च्या जीआरने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. विरोध झाला. १७ जूनच्या नव्या जीआरमध्ये वर्गातल्या किमान वीस मुलांनी मागितली तर दुसरी भाषा घेण्याची सवलत आली. विरोध वाढला आणि २९ जूनला दोन्ही जीआर रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. अडीच महिन्यांत जीआर आला, बदलला आणि गेला. कायदा असता तर इतक्या सहज गेला नसता. या गदारोळात आपल्या लोकांच्या लक्षात न आलेली एक गोष्ट अशी की उर्दू माध्यमाची मुलं आधीपासूनच तीन भाषा शिकतात: उर्दू, मराठी आणि इंग्रजी. जी गोष्ट इतरांना ओझं वाटते ती आपली लेकरं रोज दप्तरात घेऊन जातात.

उर्दू शाळा आणि अल्पसंख्याक शाळा एकच नव्हेत

आता पहिला प्रश्न, टीईटीचा. इथे आपल्या समाजात सगळ्यात जास्त गोंधळ आहे, म्हणून थोडं सावकाश वाचा.

२०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आरटीईतून वगळलं. ६ मे २०१४ च्या प्रमती निकालात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने अनुदानित अल्पसंख्याक शाळाही वगळल्या. कारण कलम ३०. तेव्हापासून अल्पसंख्याक संस्थांना हा कायदा लागत नाही.

१ सप्टेंबर २०२५ ला अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. अल्पसंख्याक नसलेल्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या शिक्षकांना टीईटी हवीच, कायदा येण्यापूर्वी नेमलेल्यांनाही. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नोकरी चालू राहील, पण टीईटीशिवाय बढती नाही. पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी उरली असेल तर दोन वर्षांत टीईटी पास व्हायची. अल्पसंख्याक शाळांच्या बाबतीत मात्र पीठाने थेट निर्णय दिला नाही. सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना संपूर्ण कायद्यातून वगळणं बरोबर होतं का, अशी शंका घेऊन त्याने हा मुद्दा मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला.

आता गोंधळ कुठे होतो? जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, नगरपालिकेची उर्दू शाळा ही अल्पसंख्याक शाळा नाही. ती सरकारी शाळा आहे. मुलं आपली, भाषा आपली, शिक्षकही बहुतेक आपले, पण ती कोणा अल्पसंख्याक संस्थेने काढलेली नाही. तिला कलम ३० चं संरक्षण नाही आणि आरटीई पूर्ण लागू आहे. तिथल्या शिक्षकांना हा निकाल लागू होतो. उलट एखाद्या मुस्लिम ट्रस्टची इंग्रजी माध्यमाची शाळा, तिच्याकडे अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र असेल तर ती अल्पसंख्याक शाळा आहे, तिथे उर्दूचं एक अक्षर शिकवत नसले तरी. ओळख माध्यमावरून ठरत नाही. संस्था कोणी काढली आणि कोण चालवतं यावरून ठरते. हे प्रमाणपत्र राज्याचा अल्पसंख्याक विकास विभागही देतो आणि केंद्राच्या २००४ च्या कायद्याने स्थापन झालेला राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगही देतो.

म्हणून आमच्या शिक्षक बांधवांना आणि भगिनींना सांगणं आहे की आपली शाळा कोणत्या प्रकारची आहे हे आजच पाहून घ्या. टीईटीत दीडशे गुणांचा पेपर असतो, पास व्हायला ६० टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे, आणि उर्दू माध्यमातून परीक्षा देता येते. वीस वर्षं शिकवल्यावर पुन्हा परीक्षेला बसायचं, हे मनाला लागतं. आम्हालाही लागलं. पण अफवांवर विसंबून दोन वर्षं घालवली तर नुकसान आपलंच आहे.

आणि पालकांशी दुसरी बाजूही बोलायला हवी. आरटीई लागत नाही म्हणजे अल्पसंख्याक शाळेला २५ टक्के प्रवेशाचं बंधन नाही. पण त्याबरोबर त्या शाळेतल्या मुलासाठी अनुसूचीतला किमान दर्जाही या कायद्याने मागता येत नाही. कलम ३० ची ढाल संस्थेसाठी आहे. त्या ढालीमागे मुलाला चांगला शिक्षक मिळतो की नाही, हे संस्थाचालकांना विचारायचं काम आपलं आहे. जी संस्था समाजाच्या नावावर हक्क मागते तिने समाजाला हिशोबही दिला पाहिजे.

मदरशांचं काय?

२०१२ च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था आरटीईच्या बाहेर आहेत. मग राज्याला मदरशांच्या दर्जाबद्दल काही ठरवता येतं का? उत्तर प्रदेशच्या २००४ च्या मदरसा बोर्ड कायद्याबद्दल सुप्रीम कोर्टाने ५ नोव्हेंबर २०२४ ला निकाल दिला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेला हा कायदा सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला. मदरशांतल्या शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी राज्य कायदा करू शकतं, कारण शिक्षण समवर्ती सूचीत आहे. मात्र कामिल आणि फाजिल या पदव्यांची तरतूद रद्द झाली, कारण उच्च शिक्षणाच्या पदव्या केंद्राच्या यूजीसी कायद्याच्या कक्षेत येतात. एकाच संस्थेत मौलवी, मुन्शी राज्याच्या हद्दीत आणि कामिल, फाजिल केंद्राच्या हद्दीत. केंद्र-राज्य विभागणी समजायला यापेक्षा सोपं उदाहरण नाही.

मग दार कोणतं ठोठवायचं?

शिक्षक कमी, खोली गळकी, पाणी नाही, पुस्तकं आली नाहीत: जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेची शाळा असेल तर आधी शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी किंवा पालिकेचा शिक्षण विभाग. आरटीईच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं.

अनुदानित अल्पसंख्याक शाळेची तक्रार: आधी संस्था, मग जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी. अनुदान राज्याचं आहे, म्हणून विचारण्याचा हक्क आहे.

सीबीएसई शाळेच्या अभ्यासक्रमाची तक्रार: सीबीएसई. तीच शाळा मराठी शिकवत नसेल तर राज्याचा शिक्षण विभाग.

शिक्षकाच्या पात्रतेचा नियम बदलायचा असेल तर: केंद्र सरकार आणि खासदार. भरती, संच मान्यता, भाषा, सुट्ट्या: राज्य सरकार आणि आमदार.

यातलं सगळ्यात जवळचं दार शाळा व्यवस्थापन समितीचं आहे आणि तेच आपण सर्वात कमी ठोठावतो. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. शाळेचा विकास आराखडा बनवणं हे तिचं काम. अल्पसंख्याक शाळांत ही समिती २०१२ च्या दुरुस्तीने केवळ सल्ला देणारी झाली आहे. पण सरकारी उर्दू शाळेत तिला खरे अधिकार आहेत. आम्ही पाहतो की बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. इतिवृत्त तयार असतं आणि पालक फक्त सही करायला येतात.

त्या सभेत सत्तर मुलांची तक्रार घेऊन आलेल्या पालकांना आम्ही विचारलं, तुमच्या शाळेच्या समितीत कोण कोण आहे? त्यांना माहीत नव्हतं. आठवडाभराने ते पुन्हा भेटले तेव्हा हसत म्हणाले, "सर्वांची नावं काढली. त्यात माझंच नाव आहे!" कधीतरी कोणीतरी सही घेतली होती. त्यांनी मग बैठक बोलवायला लावली आणि पटसंख्येसह तिसऱ्या शिक्षकाची मागणी ठराव करून पंचायत समितीत दिली. पोच घेतली, तारखेसह.

तिसरा शिक्षक अजून आलेला नाही. पण आता तीन महिन्यांची मुदत कधी संपते हे त्यांना ठाऊक आहे, आणि पुढचा अर्ज कुठे करायचा हेही. मुदत संपली की अपील होईल, इन्शाअल्लाह.